उस्ताद शौकतचा तांबडा कोट

१

शौकत दरमल्लीचा चाळिसावा चार दिवसांवर आला आणि तो चोर ठरला. मेलेल्याला चोर ठरवण्यात एक सोय असते, तो उलटून बोलत नाही. पण शौकतच्या वतीनं उलटून बोलायला कसिनोतली त्याची जुनी सोबतीण इन्शिराह अजून जिवंत होती, आणि ही गोष्ट ठरवणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवी होती.

इन्शिराह त्या दिवशी दुपारी शुब्रा वस्तीतल्या त्याच्या घरी आली ती साखर आणि कॉफीची पुडकी घेऊन. मरणानंतरच्या चाळिसाव्या दिवशी गल्लीत मंडप पडणार, कुराणपठण होणार, येणाऱ्याला बिनसाखरेची कॉफी आणि घरच्या बायकांना गोड चहा लागणार, तेव्हा रिकाम्या हातानं कुणी जात नाही. दार उघडलं ते बहियानं, शौकतच्या बायकोनं. तिनं पुडकी घेतली नाहीत.

"परत ने. एवढी कॉफी पिणार कोण?" ती म्हणाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. जिथं शौकतनं जन्मभर डीलर म्हणून जुगाराचं चाक फिरवलं त्या कसिनोच्या प्रवेशदालनात काचेच्या कपाटात एक शिंपल्याची तबकडी होती, कसिनो उघडला त्या पहिल्या रात्री पैशांच्या जागी पैजेला लावलेली, जुन्या मालकांनी जपलेली. शौकतच्या निरोपसमारंभानंतर ती दिसेनाशी झाली होती. त्याला दोन वर्षं झाली. तेव्हा शोधाशोध झाली, कुणी सापडलं नाही. आता ती म्हणे परदेशात कुठल्याशा लिलावात उगवली, मालकांनी जाब विचारला, आणि कसिनोच्या भिंतीवर सूचना लागली की तबकडी शौकत दरमल्लीनं चोरली होती, पुरावा मिळाला आहे, सबब कर्मचाऱ्यांनी त्याच्या घरच्या कार्याला जाऊन संस्थेची शोभा करू नये. भिंतीवरचा त्याचा फोटोही खाली उतरला होता.

"मंडपवाला विचारून गेला, खुर्च्या किती आणू," बहिया म्हणाली. "मी म्हटलं, दहा. दहा तरी भरतील का गं? चोराच्या चाळिसाव्याला कोण येतं?"

"शंभर सांग," इन्शिराह म्हणाली.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का?"

"शंभर सांग. कमी पडल्या तर शेजारून आणू."

हे बोलून गेल्यावर तिला स्वतःलाच धडकी भरली, पण शब्द परत घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. सैपाकघरात जाऊन तिनं पुडकी स्वतःच फळीवर ठेवली. खुंटीला शौकतची घराची किल्ली अजून टांगलेली होती, गळ्यात घालायच्या काळ्या दोऱ्यासकट. बाजूला तो तांबडा कोट होता, निरोपाच्या दिवशी संस्थेनं त्याच्याच अंगावर ठेवून त्याला भेट दिलेला.

"हाही मागतायत," मागून बहिया म्हणाली. "संचालक नशात बेंचा स्वतःचा फोन आला. म्हणाले, कोट संस्थेचा आहे, चोराच्या घरी नको, पाठवून द्या."

इन्शिराह वळली. तबकडी गेली ती लाखमोलाची. आणि त्या माणसाला हवा होता बाहीशी विरलेला जुना कोट?

२

शौकत काय चीज होती हे सांगायला बसलं तर चाळिसावा उलटून वर्षाचं कार्य येईल. मेंदी लावून तांबडी केलेली मिशी, बाहीत खोवलेला अत्तराचा रुमाल, आणि तोंडात कायम कुठल्यातरी आजोबाची गोष्ट. त्याचा आजोबा सोमवारी राजाचा न्हावी असायचा, बुधवारी राजाचा आचारी, शुक्रवारी राजाचा वैद्य. राजाकडे जेवढे नोकर नव्हते तेवढे शौकतला आजोबा होते. रूलेटच्या चाकाला तो 'हानिम' म्हणायचा, म्हणजे बाईसाहेब, आणि पाळी सुरू होताना तिला विचारल्याशिवाय चाकाला हात लावत नसे. एकदा हरलेल्या गिऱ्हाइकानं चिडून जड राखदाणी टेबलावर फेकली, तर शौकतनं ती दोन बोटांनी उचलून परत केली आणि अदबीनं सांगितलं, "माफ करा, हुजूर, राखदाणीवर पैज घेत नाही आम्ही."

बढती त्याला तीनदा देऊ केली आणि तिन्हीदा त्यानं नाकारली. डीलरांच्या कोटाचे खिसे त्या कसिनोत शिवून बंद केलेले असत, चिप्स आत जाऊ नयेत म्हणून. बढती मिळून माणूस देखरेखीवर गेला की कसिनोचा शिंपी कात्रीनं टाके कापायचा आणि सोबती त्या नव्या खिशात मलबन, म्हणजे पिठीसाखरेत घोळलेली मऊ वडी, टाकायचे. इन्शिराहच्या खिशात शौकतनंच टाकली होती. "घ्या मादाम," म्हणाला होता, "आता तुम्ही खिसेवाल्या झालात. आम्हा बिनखिशाच्यांना विसरू नका." तिनं विचारलं, तू का नाही घेत बढती? तर म्हणे, खिसा उघडला की माणूस त्यात काहीतरी शोधायला लागतो.

आणि त्याचे हात. डीलर टेबल सोडताना दोन्ही तळवे एकमेकांवर हलकेच घासतो आणि उलटसुलट करून छताकडच्या कॅमेऱ्याला दाखवतो, की बघा, काही घेतलं नाही. शौकतला ही खोड इतकी जडली की चहात साखर घालून झाली की तो तळवे दाखवायचा, भाजीवाल्याला पैसे देऊन झाले की दाखवायचा. आईच्या कबरीवर माती टाकली तेव्हाही त्यानं ते केलं. लोकांना वाटलं दुआ मागतोय. इन्शिराहला ठाऊक होतं, आणि ती तिथं उभ्या उभ्या रडली होती.

अशा माणसाला चोर म्हणणाऱ्याचं तोंड बघायला ती दुसऱ्या दिवशी सकाळी कसिनोत गेली.

नशात बे, म्हणजे नशातसाहेब, आता संचालक होता. एकेकाळी तोही पत्तेच वाटायचा, पण ते त्याला कुणी आठवण करून दिलेलं आवडत नसे. संचालक झाला तरी तांबडा कोट त्यानं सोडला नव्हता, फक्त कापड उंची झालं होतं. तो उठून उभा राहिला, एक हात पुढे केला, दुसरा खिशातल्या जपमाळेशी खेळत राहिला.

"मादाम इन्शिराह, तुम्ही घरच्याच. तुमच्यापासून काय लपवायचं," तो म्हणाला, आणि पडद्यावर चित्रफीत लावली.

प्रवेशदालन दिसत होतं, रिकामं. आतून गाण्याचा आवाज येत असावा, कारण निरोपसमारंभ तेव्हा रंगात होता. एक माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करून आला. तांबडा कोट, डोक्यावर लाल तुर्की टोपी, गोंड्याची. त्या दिवशी शौकत टोपी घालून मिरवत होता, राजाकडच्या आपल्या कुठल्याशा आजोबाची म्हणून. माणसानं कपाट किल्लीनं उघडलं, उजव्या हातानं तबकडी उचलली, न बघता कोटाच्या उजव्या खिशात सरकवली, हात तसाच खिशात ठेवून तो आरामात चालत निघून गेला.

"टोपी ओळखलीत?" नशातनं विचारलं.

ओळखली होती. चित्रफितीत काहीतरी खोटं होतं, हे तिला जाणवत होतं, पण काय ते बोट ठेवून सांगता येईना. तिनं एवढंच विचारलं की ही फीत दोन वर्षं कुठं होती. जुन्या सामानात सापडली, असं उत्तर मिळालं.

"बाईंना सांगा, कोट पाठवून द्या. विषय मिटवू," नशात दारापर्यंत येत म्हणाला. आवाज मऊ होता. "आणि मादाम, तुमची भाची इथं नोकरीला आहे ना? मन लावून काम करते. तिला चाळिसाव्याला नेऊ नका."

इन्शिराह रागानं दाणदाण पाय आपटत जिने उतरली. तिला आतापर्यंत शंका होती. भाचीचं नाव निघालं आणि शंका उरली नाही की इथं कुणीतरी घाबरलेलं आहे.

३

निरोपाच्या दिवशी टोपी कुणाकुणाच्या डोक्यावर गेली, हा पहिला प्रश्न होता. त्याचं उत्तर वग्दीकडे असणार, कारण समारंभ त्यानंच योजला होता.

वग्दी, तिचा देखरेखीतला जुना जोडीदार, चहाच्या दुकानात डॉमिनो खेळत बसला होता. तिला बघून त्यानं खुर्ची पुढे केली ती डाव्या हातानं. उजवा कोपरातून पुरता वळत नव्हता.

"हा हात काही सुधारला नाही बघ," तो कुरकुरला. "त्या शौकतच्या समारंभाच्या आदल्या आठवड्यात न्हाणीघरात पडलो, मनगटापासून दंडापर्यंत प्लास्टर. सगळे टाळ्या वाजवतायत आणि मी मांडीवर थापा मारतोय. केकसुद्धा डाव्या हातानं खाल्ला, अर्धा कोटावर."

शौकतबद्दल बोलताना मात्र तो आवाज खाली आणू लागला. त्याचा मुलगाही कसिनोच्या रोखपालाकडे लागला होता. चाळिसाव्याला येणार का, असं विचारल्यावर तो सोंगट्या उगाचच मांडत बसला. इन्शिराहनं त्याला बरंच सुनावलं, म्हणाली की शौकतनं तुझ्या लग्नात रात्रभर नाचून बुटाचे तळ झिजवले होते, आणि तू त्याच्यासाठी एक खुर्ची झिजवू शकत नाहीस. वग्दीचे कान लाल झाले. टोपीचं तेवढं त्यानं सांगितलं.

"अवादनं हिसकावली होती त्याच्या डोक्यावरून. घालून नक्कल करत होता शौकतची. फोटोही आहे. नंतर अवाद टोपीसकट बाहेर गेला, दालनाकडे. मी पाहिलं."

अवाद. शौकतच्या शेजारच्या टेबलावर जन्म काढलेला, आणि शौकतनं ज्याची जन्मभर चेष्टा केली तो अवाद. शौकत जाण्याआधीचे सहा महिने तो त्याच्याशी बोलतही नव्हता. इन्शिराहनं चहा तसाच ठेवला आणि ती उठली.

४

अवादचं घर सय्यदा झैनबच्या मशिदीजवळ, आणि अवाद घरात कधीच नसायचा, गच्चीवर असायचा, कबुतरांत. लाकडी फळ्यांची उंच ढाबळ त्यानं स्वतः बांधली होती. ऊन उतरायला लागलं होतं आणि कबुतरं आभाळात गिरक्या घेत होती.

"चोराची वकिली करायला आलीस?" वळून न बघता तो म्हणाला.

"चोर बघायला आले."

तेव्हा तो वळला. म्हातारा झाला होता, पण डोळे तसेच खवचट.

"हो, मी घातली होती टोपी. मग?"

"मग दालनात काय करत होतास?"

"सिगरेट ओढत होतो. आत कुणी ओढू देतं का? टोपी कपाटावर ठेवली, सिगरेट संपवली, मुतारीत गेलो. परत येतो तर टोपी नाही. आत पाहतो तर शौकतच्या डोक्यावर. म्हटलं, घेतली असेल त्यानंच." तो थांबला. "बास, एवढंच."

"आणि तुमचं भांडण कशावरून?"

अवादनं ढाबळीची एक सैल फळी दाबून बसवली. मग त्यानं जे सांगितलं ते सांगताना त्याची हनुवटी हलत होती. शौकतनं आजारपण त्याच्यापासून लपवलं होतं. इस्पितळात जायचा आणि अवादला सांगायचा, आजोबाच्या इस्टेटीच्या कामाला जातोय. अवादला दुसऱ्याकडून कळलं तेव्हा तो संतापला, म्हणाला, जन्मभर खोटं बोललास ते चाललं, हे नाही चालणार. आणि बोलणं टाकलं. मग माणूस मेला.

"चाळिसाव्याला काय तोंड घेऊन येऊ मी?" अवाद म्हणाला. "सूचनेला मी भीत नाही. त्या सूचनेची मी वळकटी करून कबुतरांच्या पायाखाली घालीन. पण बहियासमोर कसा उभा राहू?"

इन्शिराहला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटत होता, आणि म्हणूनच ती ठेवत नव्हती. टोपी त्याच्या हातात होती, कपाटाशी तो एकटा होता. गिऱ्हाईक रडतं तेव्हाच त्याच्या हाताकडे बघावं, हे तिला धंद्यानं शिकवलं होतं. म्हणून ती अवादच्या हातांकडे बघत राहिली.

त्यानं डब्यातून मूठभर दाणे काढले, ढाबळीवर फेकले. आणि फेकून झाल्यावर दोन्ही तळवे हलकेच घासून उलटसुलट करून आभाळाला दाखवले. कबुतरांना दाखवले म्हणा. त्याला स्वतःला पत्ताच नव्हता.

मग त्यानं सिगरेट काढली, कानामागून. काडेपेटी काढली, मोज्यातून. ढाबळीला कुलूप लावायला किल्ली काढली, ती गळ्यातल्या दोऱ्यातून. अंगातल्या झग्याला दोन्ही बाजूंना हे भलेमोठे खिसे होते, आणि दोन्ही सपाट.

"खिशात का नाही ठेवत रे?" तिनं विचारलं.

"खिशात?" अवादनं झग्याकडे असं पाहिलं की जणू खिसे आजच उगवलेत. "सवयच गेली. हात तिकडं जातच नाही."

इन्शिराह खाली बसली, तिथंच, कबुतरांच्या विष्ठेत, चांगल्या काळ्या झग्यासकट. खोट कुठं होती हे तिला आता कळलं होतं, आणि सकाळी फीत बघतानाच न कळल्याबद्दल ती मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालत होती. तिचा स्वतःचा खिसा उघडून फार वर्षं झाली होती, त्याचाच हा परिणाम.

"अवाद," ती म्हणाली, "उद्या हजेरीला सगळे असतात का रे अजून?"

५

कसिनोत दुपारची पाळी सुरू होण्याआधी सगळे डीलर मागच्या दालनात रांगेत उभे राहतात. कोट बघितला जातो, नखं बघितली जातात, खिशांचे टाके बघितले जातात. कसिनोचा शिंपी उस्ता मिखाईल सुईदोरा घेऊन कोपऱ्यात बसलेला असतो.

इन्शिराहनं नशातला निरोप धाडला होता की बाई कोट द्यायला तयार आहेत, पण सगळ्यांदेखत, म्हणजे पुन्हा कुणी विचारणार नाही. नशातला हे फारच पसंत पडलं. एवढंच नाही, त्यानं आपणहून भिंतीवर पडदा लावला आणि चित्रफीत सगळ्यांना दाखवायचं ठरवलं, की एकदाचं तोंड बंद होऊ दे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. दूर राहणाऱ्या मालकांचा एक माणूसही त्यानं कौतुकानं आणून बसवला होता.

अवाद, निवृत्त असूनही, इस्त्रीचा तांबडा कोट घालून रांगेच्या टोकाला उभा होता. वग्दी दाराशी होता, आत यावं की न यावं अशा बेतात. इन्शिराहची भाची रांगेत मधोमध होती आणि तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

फीत लागली. टोपी, कोट, पाठ. किल्ली फिरली. तबकडी उचलली, खिशात गेली, हात खिशातच राहिला, माणूस निघून गेला.

"पुन्हा लावा," इन्शिराह म्हणाली.

नशातनं खांदे उडवले आणि पुन्हा लावली. या वेळी तबकडी खिशाकडे गेली आणि रांगेतून एक हसू फुटलं. ते अवादचं होतं, कोरडं, खोकल्यासारखं. मग शेजारच्याचा हात नकळत आपल्या कोटाच्या उजव्या बाजूला गेला, आणि अडला. त्याच्या शेजारच्याचाही. सगळ्या रांगेनं आपापला शिवलेला खिसा चाचपून पाहिला. भाचीनंही. तिनं मान वर केली तेव्हा तिच्या तोंडावर रंग परत आला होता.

"हा खिसा उघडा आहे," इन्शिराह म्हणाली. "डीलरचा खिसा उघडा कुठून आला?"

"चोरी करायची म्हणून उसवला असेल," नशात म्हणाला.

"बरोबर. म्हणूनच कोट आणलाय." तिनं पिशवीतून तो काढला. "तुम्ही मागितलेला. शौकतनं त्या दिवशी हाच घातला होता, हाच घालून तो घरी गेला, आणि तेव्हापासून तो खुंटीला आहे. उस्ता मिखाईल, जरा बघता का?"

मिखाईलनं चष्मा कपाळावरून खाली घेतला. कोट उजेडात धरला, टाक्यावरून अंगठा फिरवला. मग तो म्हणाला की टाका माझाच, त्या वर्षी तांबडा दोरा संपला म्हणून पिवळ्यानं शिवले होते, आणि त्यावरून नशात बेंनी मला सगळ्यांसमोर झापलं होतं. एकदा उसवून पुन्हा शिवलं तर कापडात जुन्या सुईची भोकं राहतात. इथं नाहीत. हा खिसा शिवल्यापासून उघडलेला नाही.

"ठीक आहे," नशात म्हणाला, पण आवाज जरा वर गेला होता. "मग दुसरं कुणी असेल. टोपी कुणाच्याही हाती लागली असती."

"टोपी कुणाच्याही. कोट मात्र नाही." इन्शिराह आता त्याच्याकडे चालत निघाली होती. "तांबडा कोट आणि उघडा खिसा, असे त्या दिवशी आम्ही तिघंच होतो. देखरेखीवरचे. मी एक. माझ्या कोटाखाली घोळदार झगा होता, तो बघून मला पाठमोरी पुरुष म्हणणाऱ्याला मी पैज लावायला टेबलाशी बसवेन. दुसरा वग्दी."

"माझा हात प्लास्टरात होता," दारातून वग्दी मोठ्यानं म्हणाला, आणि आत आला. "उजवा. सगळ्यांनी पाहिलाय. मी डाव्या हातानं केक खाल्ला."

"आणि फितीतला माणूस उजव्या हातानं उचलतो," इन्शिराह म्हणाली. "तिसरे तुम्ही, नशात बे."

सगळी रांग एकाच जागी बघत होती. नशात बेचा उजवा हात, नेहमीसारखा, कोटाच्या खिशात होता.

त्यानं तो काढला. फार उशिरा काढला, आणि काढून कुठं ठेवावा हे त्याला सुचेना.

"तुम्ही टोपी घेतलीत, पाठ फिरवलीत, कॅमेरा कुठं आहे, कपाटाची किल्ली कुठं असते हे तर तुम्हाला पाठच होतं," ती म्हणाली. "टोपी शौकतच्या डोक्यावर परत चढवलीत, फीत जपून ठेवलीत, कधीतरी कामी येईल म्हणून. शौकत मरेपर्यंत थांबलात. सगळं केलंत. फक्त आपला खिसाही कधी शिवलेला होता, हे विसरलात. मग फोन करून कोट मागितलात, म्हणजे कुणाला तरी आठवायच्या आत तो नाहीसा व्हावा. विसरला नसतात, नशात, तर शौकत आजही चोरच राहिला असता."

मालकांचा माणूस उठला आणि त्यानं नशातला बाजूच्या खोलीत यायला सांगितलं. नशात गेला, पण दारात वळला. त्याला काहीतरी वाचवायचंच होतं.

"मी अजून संचालक आहे," तो म्हणाला. "उद्या संध्याकाळी जो पाळी सोडून त्या मंडपात जाईल, त्यानं परवा इथं येऊ नये."

पोरांच्या फिया, घरांची भाडी, म्हाताऱ्या आईबापांची औषधं, सगळी त्या रांगेत उभी होती, आणि इन्शिराहला ते दिसत होतं. तिनं कुणालाही काही म्हटलं नाही. शौकत निर्दोष ठरला होता, तेवढं पुरे, असं ती स्वतःला सांगत होती. पण खुर्च्या शंभर सांगितल्या होत्या.

६

मंडप गल्लीभर पडला होता, लालनिळ्या नक्षीच्या कापडाचा. रिवाजाप्रमाणे बायका वर घरात बसतात. बहिया वर बसली नाही. खाली मंडपाच्या तोंडाशी, नवऱ्याच्या फोटोशेजारी ती खुर्ची टाकून बसली, आणि शेजारच्या म्हाताऱ्यानं काही म्हणायला तोंड उघडलं तेव्हा तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो आपली कॉफी प्यायला लागला. फोटोखाली तांबडा कोट टांगला होता.

पठण सुरू झालं तेव्हा भरलेल्या खुर्च्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. भाजीवाला होता, न्हावी होता, अवाद होता. अवाद बहियासमोर मान खाली घालून उभा राहिला होता, तर बहियानंच त्याला म्हटलं, "मला पण तो इस्टेटीचंच सांगायचा रे," आणि हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं.

इन्शिराह गल्लीच्या तोंडाकडे बघत नव्हती. बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

मग पठण करणारा श्वास घ्यायला थांबला आणि पावलं ऐकू आली, खूप. वग्दी पुढे होता, मुलाला घेऊन. मागे भाची. त्यांच्या मागे सगळी पाळी, तांबड्या कोटांत, कोट बदलायलाही न थांबलेली. कसिनोसमोर गिऱ्हाइकांच्या गाड्या लागल्या होत्या म्हणे, आणि आत चाकांवर कापडं घातलेली, हानिमसुद्धा झाकलेली. संचालकाच्या खोलीला आतून कडी होती.

"उद्याचं उद्या बघू, मावशी," भाची तिच्या कानाशी लागून म्हणाली.

इन्शिराह आता गल्लीच्या तोंडाकडेच बघत राहिली. कुणीतरी विचारेपर्यंत तिला कळलंही नाही की खुर्च्या कमी पडल्यात आणि शेजाऱ्यांच्या दारांतून बाकं बाहेर येतायत.

मिखाईल कात्री घेऊन आला होता. बहियाला तो हळूच म्हणाला की उस्तादला तीनदा बढती दिली, त्यानं घेतली नाही, आज घरच्यांनी म्हटलं तर मी टाके कापतो, मानाचे म्हणून. कुणीतरी मलबनही आणली होती. बहियानं कोटाकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याचा बंदच बरा. वडी मला दे."

मग रांग लागली. एकेकजण फोटोसमोर यायचा, बहियाशी दोन शब्द बोलायचा, आणि पुढे सरकण्याआधी दोन्ही तळवे हलकेच घासून उलटसुलट करून फोटोला दाखवायचा. कुणी सांगितलं नव्हतं. अवादनं केलं, वग्दीनं वाकड्या हातानं जमेल तसं केलं, पोरांनी केलं. गल्लीतल्या लोकांना वाटलं दुआ मागतायत. जन्मभर बहिया या खोडीला वैतागली होती, जेवताना, बाजारात, पाहुण्यांसमोर. ती सगळ्यांचे हात बघत बसली, एकही चुकू न देता.

रांग संपली. बहियानं वडी खाल्ली, बोटांची पिठीसाखर ओढणीला पुसली, आणि फोटोकडे वळून आपले दोन्ही तळवे उघडे करून त्याला दाखवले.